नव्वद डॉलरांची कॅसेट



व्यापारी घरातील मुलाला किमतीचे पहिले गणित पाटी-पुस्तकापेक्षा दुकानाच्या गादीवर लवकर उमगते. मालाची खरेदी, वाहतूक, हमाली, जागेचे भाडे, नोकरांचा पगार, उधारीत अडकलेल्या रकमेचे व्याज आणि या सर्वांवर रास्त नफा, एवढे मिळून वस्तूची किंमत ठरते, असे आपले वाडवडील सांगत आले. हे सूत्र खोटे नाही. मात्र कधीकधी बाजारात अशी एखादी वस्तू येते की तिच्यापुढे हे सूत्र थिटे पडते आणि किंमत या शब्दाचा अर्थच पुन्हा तपासून पाहावा लागतो. चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट ही अशीच एक वस्तू होती. आज ती अडगळीच्या खोलीतही क्वचितच सापडते; पण तिच्या किमतीची कथा दुकानदारी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ऐकावी अशी आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत नव्या चित्रपटाची एक कॅसेट विकत घ्यायची, तर ८० ते ९० डॉलर मोजावे लागत. त्याच सुमारास तेथील चित्रपटगृहाचे सरासरी तिकीट साडेतीन डॉलरांच्या आसपास होते. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाने तोच चित्रपट चित्रपटगृहात जाऊन सहा वेळा पाहिला असता, तरी त्यांचा खर्च नव्वद डॉलरांच्या आतच राहिला असता. कोरी कॅसेट मात्र दुकानात काही डॉलरांना मिळत होती. आणखी नवल असे की जी कॅसेट प्रथम नव्वद डॉलरांना विकली जाई, तीच पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षभराने वीस-तीस डॉलरांना मिळू लागे. फीत तीच, डबी तीच, चित्रपटही तोच. मग मधल्या काळात बदलले काय?

‘लोभ’ हे उत्तर चटकन ओठांवर येते. लोभ हा चार कषायांपैकी एक आहे आणि बाजारात त्याचा वावर असतो, हे आपण जाणतोच. परंतु ज्या वर्षी कॅसेट नव्वद डॉलरांना होती त्या वर्षी विक्रेता लोभी होता आणि ती वीस डॉलरांना झाली तेव्हा तो संतोषी झाला, असे मानता येत नाही. लोभ दोन्ही वेळी सारखाच असेल, तर किमतीतील फरकाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

आरंभीच्या काळात निर्मितीचा खर्च हे एक कारण निश्चितच होते. सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ मध्ये आणि जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस यंत्र १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आले. तबकडीवरचे गाणे जसे साच्यातून क्षणात दाबून काढता येते, तसे चुंबकीय फितीचे नव्हते. मूळ प्रत एका यंत्रावर चालवायची आणि तिला जोडलेल्या शेकडो यंत्रांवर कोऱ्या कॅसेट भरून घ्यायच्या, ही प्रती काढण्याची रूढ रीत होती. दोन तासांच्या चित्रपटाची प्रत काढण्यास पुरे दोन तास लागत. यंत्रे, वीज, माणसे आणि फीत यांचा हा खर्च आरंभी जड होता. पण पुढे फीत स्वस्त झाली, प्रती काढण्याची वेगवान यंत्रेही आली, आणि तरीही नव्या चित्रपटाच्या कॅसेटची किंमत उतरण्याऐवजी चढतच गेली. जेथे खर्च उतरतो आणि किंमत चढते, तेथे खर्चाचे स्पष्टीकरण संपते. पुढचे उत्तर व्यापाराच्या इतिहासात आहे.

१९७७ मध्ये मिशिगन राज्यातील आंद्रे ब्ले नावाच्या व्यावसायिकाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीशी करार केला. त्याच्या मॅग्नेटिक व्हिडिओ या संस्थेचा कॅसेट भरून देण्याचा धंदा होता. फॉक्सचे पन्नास जुने चित्रपट कॅसेटवर काढून विकण्याचा हक्क त्याने मिळविला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘पॅटन’ हे चित्रपट त्या यादीत होते. प्रत्येक कॅसेटमागे साडेसात डॉलर फॉक्सला द्यायचे ठरले आणि ग्राहकासाठी किंमत ठेवली ४९.९५ डॉलर. लोक पुस्तकाप्रमाणे चित्रपट विकत घेतील आणि घरच्या कपाटात ठेवतील, अशी त्याची कल्पना होती.

परंतु लॉस एंजेलिस शहरात जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या एका छोट्या दुकानदाराला या व्यवहारात निराळीच संधी दिसली. पन्नास डॉलर देऊन चित्रपट विकत घेणारे थोडे असतील. पण एका रात्रीपुरता तो घरी नेऊन पाहणारे पुष्कळ निघतील, हे त्याने ओळखले. त्याने त्या पन्नास चित्रपटांच्या प्रती खरेदी केल्या, वर्षाला पन्नास डॉलर किंवा आजीवन शंभर डॉलर अशी सभासद वर्गणी ठेवली आणि दिवसाला दहा डॉलर भाड्याने कॅसेट देण्यास प्रारंभ केला. पाहता पाहता अशी दुकाने अमेरिकेच्या गावोगावी उघडली. यातील बहुतेक दुकाने कुटुंबाची होती; नवरा-बायको गल्ल्यावर आणि मुले फडताळ लावण्यास, असे तेथील चित्र आपल्या बाजारपेठेतील चित्राहून फारसे निराळे नव्हते.

आता चित्रपट कंपनीच्या वहीकडे पाहू. एका कॅसेटमागे तिला एकदाच साडेसात डॉलर मिळाले. तीच कॅसेट दुकानदाराने पन्नास वेळा भाड्याने दिली, तर पन्नास भाड्यांतील एक सेंटही कंपनीच्या पदरी पडत नव्हता. प्रत्येक भाड्यामागे एक कुटुंब तो चित्रपट पाहत होते. ज्याने तो चित्रपट भांडवल घालून निर्माण केला, त्याच्या वहीत मात्र त्या पन्नास कुटुंबांची नोंदच नव्हती.

असे का, याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यात होते, आणि त्या कायद्याच्या मुळाशीही दुकानदारीचाच एक तंटा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्यात अशी सूचना छापली की कोणाही विक्रेत्याने हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये. विकल्यास तो प्रकाशनहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रसिद्ध दुकानाच्या मालकांनी ही सूचना धुडकावून ते पुस्तक ८९ सेंटांना विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की प्रकाशकाला पुस्तकाची प्रत विकण्याचा हक्क आहे, पण एकदा ती प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर किमतीचे बंधन घालण्याचा हक्क त्याला उरत नाही. पुढे हेच तत्त्व कायद्यात लिहिले गेले आणि ‘प्रथम विक्रीचा सिद्धांत’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ज्याने पैसे मोजून प्रत घेतली, तो त्या प्रतीचा धनी. त्याने ती विकावी, दान द्यावी वा भाड्याने द्यावी. प्रत काढण्यास मात्र त्याला मुभा नाही.

आपण व्यापारी असल्यामुळे या निर्णयातील न्याय आपल्याला सहज पटतो. विकलेल्या मालावर विक्रेत्याचा हात कायम राहिला, तर बाजार चालणारच नाही. पण याच न्यायाने चित्रपट कंपन्यांना पेचात टाकले. त्यांनी प्रथम नियमाला वळसा घालून पाहिला. १९८० मध्ये डिस्नेने आणि १९८१ मध्ये वॉर्नरने काही कॅसेट विकण्याऐवजी दुकानदारांना केवळ भाडेपट्टीने देण्याच्या योजना आणल्या. विक्रीच झाली नाही, तर प्रथम विक्रीचा सिद्धांत लागू होणार नाही, हा त्यामागचा विचार. दुकानदारांना या योजनांचा जाच वाटला. त्यांनी विरोध केला आणि त्या योजना टिकल्या नाहीत. मग कंपन्यांनी अमेरिकेच्या संसदेकडे धाव घेतली आणि भाड्यात वाटा मिळेल असा कायदा मागितला. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांबाबत असा कायदा १९८४ मध्ये झालाही. चित्रपटांबाबत मात्र संसदेने तो केला नाही.

आता कंपनीच्या हाती एकच साधन उरले, ते म्हणजे पहिल्या विक्रीची किंमत. पुढच्या भाड्यांतून काही मिळणार नसेल, तर त्या सर्व भाड्यांचे मोल पहिल्याच वेळी वसूल करून घ्यावे, हा हिशोब सरळ होता. नव्वद डॉलरांचे कोडे येथे उलगडते. छापील किंमत ९० डॉलर असलेली कॅसेट दुकानदाराला घाऊक दराने ६५ डॉलरांच्या आसपास पडे. तीन डॉलर भाडे धरले, तर बाविसाव्या भाड्याला त्याचे मुद्दल सुटे आणि त्यानंतर नफा सुरू होई. लोकप्रिय चित्रपटाला बावीस गिऱ्हाइके मिळणे अवघड नव्हते. म्हणून दुकानदार कुरकुरत का होईना, ६५ डॉलर मोजत असे.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील की दुकानदाराला ६५ डॉलर आणि घरगुती ग्राहकाला २० डॉलर, अशा दोन किमती एकाच वेळी का ठेवल्या नाहीत? घाऊक आणि किरकोळ, शेतकरी आणि कारखानदार, अशा निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळे दर आपल्याकडेही असतात. अडचण पुन्हा त्याच सिद्धांताची होती. घरगुती ग्राहकासाठी वीस डॉलरांची कॅसेट बाजारात आली की दुकानदार ग्राहक म्हणून जाऊन तीच विकत घेई आणि भाड्याने देई. त्याला कायद्याने अडविता येत नव्हते. म्हणून किंमत एकच ठेवावी लागे आणि ती कोणाच्या मापाने ठेवायची, याचा निर्णय आधी करावा लागे. कंपन्यांनी प्रारंभी ती दुकानदाराच्या मापाने शिवली. घरगुती ग्राहकाच्या अंगाला ती बसेना, यात आश्चर्य नाही, कारण ती त्याच्यासाठी बेतलेलीच नव्हती. भाड्याचा पहिला बहर ओसरला की मग तोच चित्रपट वीस-तीस डॉलरांना पुन्हा बाजारात आणला जाई आणि त्या वेळी ग्राहक म्हणून कुटुंब डोळ्यांसमोर असे. कंपनी दोन ग्राहकांना एकाच दिवशी दोन किमती लावू शकत नव्हती; तिने त्या दोन काळांत विभागून लावल्या.

परंतु सगळेच चित्रपट या वाटेने गेले नाहीत, आणि हा अपवाद समजून घेण्यास आपल्या श्रावकाचारातील एक भेद फार उपयोगी पडतो. भोगोपभोगपरिमाण व्रताचे विवेचन करताना आचार्यांनी वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. जी एकदा भोगली की संपते, ती भोगाची वस्तू, जसे अन्न. जी पुनःपुन्हा वापरता येते, ती उपभोगाची वस्तू. जसे वस्त्र किंवा अलंकार. काही ग्रंथांत यांनाच उपभोग आणि परिभोग अशी नावे आहेत. नावे बदलली तरी भेद तोच राहतो. आता प्रश्न असा की चित्रपट हा भोग की उपभोग? कॅसेट तर शंभर वेळा चालते. पण पाहणाऱ्याचे मन शंभर वेळा रमते काय? रहस्यकथा एकदा पाहिली की रहस्य संपले. अशा चित्रपटाला भाडेच योग्य. परंतु ज्याकडे मन पुनःपुन्हा वळते, तो चित्रपट घरात ठेवण्याजोगा होतो.

अमेरिकेतील बाजाराने हा भेद अनुभवाने शिकून घेतला. अभिनेत्री जेन फोंडा हिच्या व्यायामाची कॅसेट १९८२ मध्ये आली. किंमत ५९.९५ डॉलर, म्हणजे स्वस्त मुळीच नव्हती. तरीही ती घरोघरी विकत घेतली गेली, कारण व्यायाम रोज करायचा असतो. रोज भाडे भरण्यापेक्षा एकदा विकत घेणे शहाणपणाचे. त्याच वर्षी पॅरामाउंट कंपनीने ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसरा चित्रपट नेहमीच्या किमतीच्या जवळपास निम्म्या किमतीस, ३९.९५ डॉलरांना आणला. त्याचे चाहते तो वारंवार पाहतील, हा तिचा अंदाज होता आणि तो बरोबर ठरला. लहान मुले तर एकच गोष्ट शंभर वेळा ऐकूनही कंटाळत नाहीत, हे प्रत्येक आजी जाणते. डिस्नेने १९८५ मध्ये ‘पिनोकियो’ ७९.९५ डॉलरांना काढला आणि काही महिन्यांतच किंमत २९.९५ वर आणली. १९८७ मध्ये ‘टॉप गन’ची कॅसेट २६.९५ डॉलरांना आली. तिच्या आरंभी एका शीतपेयाची जाहिरात जोडलेली होती. १९८८ मध्ये ‘ई.टी.’ २४.९५ डॉलरांना आला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक कॅसेट विकल्या गेल्या. जे चित्रपट उपभोगाचे ठरले, त्यांची किंमत कुटुंबाच्या मापाने उतरली; जे भोगाचे होते, त्यांची किंमत दुकानदाराच्या मापानेच राहिली.

या व्यवस्थेत सर्वांत जड ओझे कोणाच्या खांद्यावर होते? छोट्या दुकानदाराच्या. नवा चित्रपट आला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला प्रचंड मागणी असे. शनिवारी सायंकाळी वीस गिऱ्हाइके तोच चित्रपट मागत आणि दुकानात प्रती असत तीन. ६५ डॉलरांना एक प्रत, अशा वीस प्रती घेतल्या तर १३०० डॉलर अडकणार, आणि महिन्याभराने त्यांपैकी सतरा फडताळावर धूळ खात बसणार. कमी घ्यावे तर गिऱ्हाईक परत जाते, जास्त घ्यावे तर मुद्दल बुडते. चित्रपट चालला नाही, तरी कंपनीचे पैसे आधीच वसूल झालेले असत. चित्रपट कंपनीचा होता आणि तो न चालण्याची जोखीम मात्र दुकानदाराची. आपल्यातील किरकोळ कापड किंवा पादत्राणांचा व्यापार करणाऱ्यांना ही अवस्था वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. हंगाम संपल्यावर उरलेल्या मालाकडे पाहताना ती त्यांनी अनुभवलेली असते.

यातून वाट निघाली ती १९९८ मध्ये. १९८५ साली डॅलस शहरात एका दुकानाने सुरू झालेली ब्लॉकबस्टर ही संस्था तोवर अमेरिकेतील सर्वांत मोठी व्हिडिओ भाडे देणारी साखळी झाली होती. तिने चित्रपट कंपन्यांशी निराळा करार केला. ६५ डॉलरांऐवजी प्रत्येक कॅसेट सुमारे आठ डॉलरांना घ्यायची आणि त्या बदल्यात भाड्याच्या उत्पन्नातील ठरलेला वाटा कंपनीला द्यायचा. ढोबळ हिशोब मांडून पाहा. तीन डॉलर भाड्यातील अर्धे जरी कंपनीला गेले, तरी दुकानाकडे दीड डॉलर उरतो आणि आठ डॉलरांचे मुद्दल सहाव्या भाड्यात सुटते. जेथे पूर्वी बावीस भाड्यांची वाट पाहावी लागे, तेथे आता सहा पुरेशी झाली. दुकानाने प्रती वाढविल्या, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतेनासे झाले, आणि ज्या भाड्यांचा एक सेंटही कंपनीला मिळत नव्हता, त्यांत तिचा वाटा ठरला. माल तोच, गिऱ्हाईक तेच; केवळ जोखीम वाटून घेतल्याने दोघांचाही लाभ वाढला.

आपल्या व्यापारी परंपरेला ही कल्पना अपरिचित नाही. जवाहिऱ्यांच्या पेढ्यांवर जांगड माल देण्याची रीत आहे. माल पसंतीसाठी द्यायचा, विकला गेला तर पैसे, न विकला तर माल परत. भागीदारी तर आपल्या रक्तातच आहे. परंतु जांगड असो वा भागीदारी, तिला एक अट असते, आणि ती अट म्हणजे चोख हिशोब. अमेरिकेतही हा करार शक्य झाला, कारण कोणती कॅसेट किती वेळा गेली, याची संगणकावर नोंद होऊ लागली होती. विश्वासाला वहीचा आधार लागतो. सत्याणुव्रत आणि अचौर्याणुव्रत यांचा संबंध आपण बहुधा पारलौकिक कल्याणाशी जोडतो; पण खोटी नोंद न करणारा दुकानदार असेल, तर त्याला साठ डॉलर आगाऊ मागण्याची गरजच उरत नाही, हा त्यांचा इहलोकीचा लाभही ध्यानात घेण्याजोगा आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कथन एकांगी होईल. मोठ्या साखळीला जी सवलत मिळाली, तशी ती गावातील एकट्या दुकानदाराला मिळाली नाही. त्याला पूर्वीच्याच दराने माल घ्यावा लागे आणि समोर ब्लॉकबस्टरच्या दुकानात प्रतींची रांग लागलेली असे. अशा स्वतंत्र दुकानदारांनी न्यायालयात दाद मागितली. २००२ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ज्या कुटुंबांनी हा धंदा उभा केला होता, त्यांपैकी अनेकांची दुकाने पुढच्या काही वर्षांत बंद झाली. जोखीम वाटून घेणे हितकर असते. पण वाटणीच्या पाटावर कोणाला बसू दिले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो.

कॅसेटचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. वॉर्नर कंपनीच्या पुढाकाराने ती आरंभापासून वीस-पंचवीस डॉलरांच्या घरात, कुटुंबाच्या मापाने, विकली गेली. नव्वद डॉलरांचा काळ तेथे संपला.

आपल्याकडे ही कथा निराळ्या अंगाने घडली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन संच आणि व्हीसीआर भारतीय घरांत शिरले. महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत व्हिडिओ लायब्ररी उघडल्या; यंत्र आणि कॅसेट दोन्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणून आळीतील चार घरांनी मिळून चित्रपट पाहिल्याचे ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. परंतु त्या कॅसेटांपैकी पुष्कळशा चोरून काढलेल्या प्रती होत्या. हा प्रकार रोखण्यासाठी १९८४ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढविण्यात आली. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या बाबतीत अमेरिकेहून वेगळा मार्ग धरला. प्रत पूर्वी विकली गेली असली, तरी ती भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडेच राहतो, अशी ती तरतूद होती. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारावर, परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी येथे विनापरवाना भाड्याने देण्यास मनाई केली. एकच व्यवहार एका देशात धन्याचा हक्क ठरतो आणि दुसऱ्या देशात तोच हक्कभंग ठरतो.

आपल्या बाजारातील किमतीचा धडा मात्र २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने दिला. कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास काढल्या. तोवर अधिकृत प्रती त्याच्या कितीतरी पट किमतीला मिळत आणि पदपथावरील चोरीच्या प्रती स्वस्त असत. चोरीची प्रत घेणाऱ्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्यासमोर तेवढ्याच किमतीची खरी प्रत ठेवण्याचा तो प्रयत्न होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि नकली माल खरा म्हणून विकणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हे दोन्ही आहेत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा दोष स्वतंत्रपणे मोजणारी ही दृष्टी किती सूक्ष्म आहे, हे चोरीच्या कॅसेटचे उदाहरण घेतले की स्पष्ट होते. किंमत अवाच्या सवा आहे म्हणून चोरीचा माल घेणे निर्दोष होत नाही. त्याचबरोबर, सामान्य कुटुंबाच्या आवाक्याचा विचार न करता किंमत ठेवणाऱ्यानेही आपण मोह वाढवितो आहोत काय, हे स्वतःला विचारले पाहिजे.

अनेकांत ही केवळ तत्त्वचर्चेची गोष्ट नाही. नव्वद डॉलरांच्या कॅसेटकडे पाहण्यासही ती लागते. कंपनी म्हणते, माझ्या निर्मितीचे मोल मला मिळाले पाहिजे. दुकानदार म्हणतो, मी विकत घेतलेल्या वस्तूचा मी धनी आहे. गृहिणी म्हणते, एका चित्रपटासाठी मी नव्वद डॉलर का द्यावेत? तिघांचेही म्हणणे आपापल्या नयाने खरे आहे. भांडण चालले ते प्रत्येकाने आपलाच नय पूर्ण सत्य मानला तोवर. एकमेकांची वही पाहून हिशोब मांडला, तेव्हा आठ डॉलरांची वाट सापडली.

म्हणून व्यापारी कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. येत्या वहीपूजनाच्या वेळी आपल्या दुकानातील चार-पाच मुख्य वस्तूंची नावे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे दोन प्रश्नांची उत्तरे घरातील तरुण मुला-सुनांसह लिहावीत. ही किंमत नेमक्या कोणत्या ग्राहकाच्या मापाने ठेवली आहे? आणि हा माल विकला गेला नाही, तर तोटा कोणाच्या वहीत जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी ‘आपल्याकडून माल नेणाऱ्या लहान दुकानदाराच्या’ असे येत असेल, तर त्या एखाद्या मालाबाबत तरी पुढच्या हंगामापासून जांगडीचा किंवा वाट्याचा व्यवहार करता येईल काय, याचा विचार त्याच बैठकीत करावा. त्यासाठी लागणारी चोख वही तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच.